मतदारसंघांच्या सीमा आखायचे नियम: नाशिक जिल्ह्याचा नकाशा समोर ठेवून बोलूया

गोदाकाठ:
लोकसभा मतदारसंघांच्या पुनर्रचनेवर बोलणं सुरू झालं की पाच मिनिटांत गाडी 'कुठल्या राज्याला किती जागा' या फाट्याला वळते. या धाग्यात ते नको. मला विचारायचंय ते रेघेबद्दल. राज्याला जागा मिळाल्यावर आत रेघ कुठून न्यायची, याचे निकष २००२ च्या परिसीमन (मतदारसंघ आखणी) कायद्याच्या कलम ९ मध्ये आहेत आणि ते जेमतेम काही ओळींचे आहेत. मतदारसंघ शक्यतो भौगोलिकदृष्ट्या आटोपशीर असावा. नैसर्गिक रचना, प्रशासकीय हद्दी, दळणवळण आणि लोकांची सोय पाहावी. बस्स. यातला एकही शब्द मोजता येत नाही.

दिंडोरी लोकसभा घ्या. सुरगाण्यात गुजरातच्या हद्दीला सुरू होतो आणि नांदगावात संपतो. एका टोकाला नागली-वरई, दुसऱ्या टोकाला कांदा. कायद्याच्या कुठल्या शब्दात हा आकार बसला? आणि पुढच्या वेळी काय लिहिलं तर असं होणार नाही? जाणकारांनी लिहावं. पक्ष आणि उमेदवार कृपया बाहेर ठेवा.

आकडेमोड:
चांगला धागा. आकार कसा आला ते बेरजेतून लगेच दिसतं. महाराष्ट्रात विधानसभेच्या २८८ आणि लोकसभेच्या ४८, म्हणजे एका लोकसभेत नेमक्या ६ विधानसभा. विधानसभेचा मतदारसंघ लोकसभेसाठी तोडायचा नाही हे कायद्यातच आहे. आता वायव्येकडून मोजा. नंदुरबार जिल्ह्यात ४ विधानसभा, दोन कमी पडल्या, म्हणून धुळे जिल्ह्यातल्या साक्री आणि शिरपूर तिकडे गेल्या. धुळ्याकडे राहिल्या ३. मग आपल्याकडच्या मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण धुळ्याला. नाशिकच्या १५ मधून ३ गेल्या, राहिल्या १२, त्यांचे सहा-सहाचे दोन गठ्ठे: नाशिक आणि दिंडोरी.

दिंडोरीचा आकार दिंडोरीत ठरलेलाच नाही. तो नंदुरबारपासून घरंगळत आला.

चांदवडी:
+१. आणि नाशिक लोकसभेत शहराच्या तीन, देवळाली, सिन्नर, इगतपुरी हे सहा एकदा धरले की उरलेले सहा आपोआप दिंडोरी. नांदगाव, चांदवड, येवला, निफाड, कळवण, दिंडोरी. 'उरलेले' हाच निकष.

घाटमाथा:
त्यातही आरक्षण बघा. जिल्ह्यात अनुसूचित जमातींसाठी राखीव विधानसभा चार: बागलाण, कळवण, दिंडोरी, इगतपुरी. चौघी एकमेकींना लागून, सह्याद्रीच्या पट्ट्यात. आणि त्या तीन वेगवेगळ्या लोकसभांत विभागल्या आहेत. बागलाण धुळ्यात, इगतपुरी नाशिकमध्ये, फक्त कळवण आणि दिंडोरी राखीव असलेल्या दिंडोरीत. म्हणजे राखीव लोकसभेतल्या सहापैकी चार विधानसभा खुल्या, आणि दोन राखीव विधानसभा खुल्या लोकसभांत. शेजारी नंदुरबारला सहाच्या सहा राखीव आहेत. नियम एकच, निकाल दोन टोकांचे. कायदा म्हणतो की जमातींच्या जागा जिथे लोकसंख्येतलं प्रमाण सर्वांत जास्त तिथे द्या. पण प्रमाण मोजतात ते रेघ मारून झाल्यावर. रेघ मारताना पट्टा अखंड ठेवायचं बंधन कुठेच नाही.

वालदेवी:
प्रश्न: मग अनुसूचित जातींच्या जागांचा नियम वेगळा आहे का? देवळाली राखीव आहे म्हणून विचारतेय.

घाटमाथा:
हो वालदेवीताई, वेगळा आहे. जातींच्या जागा राज्याच्या वेगवेगळ्या भागांत पसरवायच्या आणि शक्यतो प्रमाण तुलनेने जास्त असेल तिथे द्यायच्या. जमातींना 'पसरवा' हे कलम लागू नाही, कारण वस्ती एकवटलेली असते.

आकडेमोड:
आरक्षणाच्या संख्येचं गणितही किती बारीक असतं ते इथेच नोंदवतो. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्र ९,६८,७८,६२७ आणि त्यात अनुसूचित जमाती ८५,७७,२७६. भागाकार करून २८८ ने गुणा: २५.४९८. जागा मिळाल्या २५. अर्ध्याच्या वर गेलं तर पुढचा पूर्णांक धरायचा म्हटलं, तर २६ वी जागा साधारण ५२० माणसांनी हुकली. साडेनऊ कोटींहून मोठ्या राज्यात पाचशेवीस. डोंगरातला एक पाडा मोजायचा राहिला तर काय होतं, ते यावरून समजावं. जनगणनेतल्या गणतीकडे म्हणून लक्ष द्यायला हवं.

नकाशेवाला:
आटोपशीरपणा मोजता येतो. सर्वांत साधं माप असं: क्षेत्रफळाला ४π ने (π म्हणजे 'पाय', साधारण ३.१४) गुणायचं आणि परिघाच्या वर्गाने भागायचं. वर्तुळाला १ येतो, चौरसाला साधारण ०.७९, लांबुडक्या आणि वेड्यावाकड्या आकाराला ०.२ च्याही खाली. कायद्यात एक किमान आकडा घाला, म्हणजे 'शक्यतो'ची पळवाट बंद.

वणीची_वाट:
नकाशेवाला दादा, या मापाने सगळ्यात आधी आपलेच डोंगरी तालुके मार खातील. सुरगाणा-पेठची हद्द कड्यांवरून आणि नदीपात्रांतून जाते. नैसर्गिक हद्द जितकी वळणाची तितका परीघ मोठा आणि आकडा लहान. शिवाय परीघ नकाशाच्या प्रमाणावर बदलतो. १:५०,००० च्या नकाशावर मोजला तर एक, गावनकाशे जोडून मोजला तर त्याहून कितीतरी जास्त. सरळ रेघ मारणाऱ्याला बक्षीस आणि नदी पाळणाऱ्याला दंड, असा नियम होईल.

नकाशेवाला:
मान्य. मग दुसरं माप घ्या: मतदारसंघाचं क्षेत्रफळ आणि त्याच्याभोवती दोरी ताणल्यावर जो आकार होतो त्याचं क्षेत्रफळ, यांचं गुणोत्तर. किनार नागमोडी असली तरी फारसं बिघडत नाही, मोठा लचका तोडलेला असेल तरच आकडा खाली येतो. पण सगळ्याच मतदारसंघांना हे एकाच प्रमाणावर, एकाच नकाशावरून लावायला हवं, हे तुमचं बरोबर.

मोसमकाठ:
मालेगाव-बागलाण धुळ्यात गेलं याबद्दल वर हळहळ दिसतेय, त्याची दुसरी बाजू. मालेगावहून धुळं मुंबई-आग्रा महामार्गावर साधारण पन्नास किलोमीटर आणि नाशिक त्याच्या दुप्पट. 'दळणवळणाच्या सोयी' हा निकष मानला तर मालेगावचं धुळ्यात जाणं चूक नाही. अडचण रस्त्याची नसून कार्यालयांची आहे. जिल्हाधिकारी नाशिकला, लोकसभेचा निवडणूक निर्णय अधिकारी धुळ्याला. खासदार एक, पण त्याला दोन जिल्ह्यांच्या समित्यांत बसायचं. खासदार निधीच्या वर्षाच्या ५ कोटींचा हिशोब एका नोडल जिल्ह्यातून चालतो, म्हणून दुसऱ्या जिल्ह्यातल्या कामाची फाइल एक टेबल जास्त फिरते.

म्हणून 'जिल्ह्याची हद्द पाळा' आणि 'लोकांची सोय पाहा' हे दोन निकष एकमेकांशी भांडतात, आणि कुठला वरचढ हे कायदा सांगत नाही. सुधारणा इथून सुरू व्हायला हवी: निकषांना क्रम द्या.

सिन्नरी_वारा:
क्रमाला जोरदार अनुमोदन. सिन्नर विधानसभेचं उदाहरण जोडतो. सिन्नर तालुका पूर्ण, आणि वर इगतपुरी तालुक्यातलं टाकेद महसूल मंडळ (तालुक्यातला गावांचा एक गट). टाकेदच्या माणसाला सात-बारा, दाखला, रेशन यासाठी इगतपुरी तहसील आणि आमदार सिन्नरचा. कारण एकच, लोकसंख्येची जुळवाजुळव.

मंडळ_सजा:
जुळवाजुळव कशी होते ते क्रमाने लिहितो, कारण हरकत घेणाऱ्यांची चूक इथेच होते.

आधी राज्याची सरासरी. २००१ च्या आकड्यांवर विधानसभेला ३,३६,३८४ आणि लोकसभेला २०,१८,३०५. मग जिल्ह्याला जागा. नाशिक ४९,९३,७९६, भागिले सरासरी, १४.८५, म्हणून १५. त्याआधी जिल्ह्यात १४ होत्या. नाशिक शहराची एकच जागा होती, तिच्या पूर्व, मध्य, पश्चिम अशा तीन झाल्या. सुरगाणा कळवणमध्ये गेला. दाभाडीच्या जागी मालेगाव बाह्य आलं. त्यानंतर तालुक्यांची लोकसंख्या लावायची. तालुका सरासरीच्या जवळ असेल तर अख्खा. कमी असेल तर शेजारचा लहान तालुका जोडायचा, जसं दिंडोरी अधिक पेठ, चांदवड अधिक देवळा, इगतपुरीला त्र्यंबकेश्वर. जास्त भरला तर एखादं महसूल मंडळ काढून शेजारी द्यायचं. टाकेद तसंच निघालं. निफाड तालुक्यातलं लासलगाव येवल्यात गेलं ते याच पायरीवर. मंडळानेही जुळलं नाही तर तलाठी सजा, म्हणजे एका तलाठ्याकडची गावं. गाव मात्र फोडत नाहीत. शहरात प्रभाग हे एकक.

सर्वसाधारणपणे सरासरीच्या १० टक्के वर-खाली चालतं, म्हणजे वरच्या हिशोबात ३,०२,७४६ ते ३,७०,०२३. पण ही १० टक्क्यांची मर्यादा कायद्यात लिहिलेली नाही. मतदारसंघ आखणारा परिसीमन आयोग ती स्वतःसाठी ठरवतो.

गोदाकाठ:
हे माहीत नव्हतं. म्हणजे मर्यादा ओलांडली तर कायदा मोडला असंही म्हणता येत नाही?

मंडळ_सजा:
नाही म्हणता येत. आणि म्हणायचं कुठे, हा पुढचा प्रश्न.

कायदेपंडिता:
तिथेच येते. घटनेच्या कलम ३२९ ने मतदारसंघ आखणीच्या कायद्याला न्यायालयात आव्हान द्यायची वाट बंद केली आहे. १९६६ मध्ये मेघराज कोठारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आयोगाचा प्रसिद्ध झालेला आदेशही कायद्यासारखाच धरला. आदेश लोकसभा-विधानसभेच्या पटलावर ठेवतात, पण सभागृहाला त्यात बदल करता येत नाही. २०२४ मध्ये न्यायालयाने थोडी फट ठेवली: आदेश उघडपणे मनमानी असेल आणि घटनेच्या मूल्यांशी विसंगत असेल तर तपासता येईल. पण मनमानी सिद्ध करायला कारणं लागतात, आणि आदेशात कारणं नसतातच. असते ती फक्त गावांची, मंडळांची, तालुक्यांची यादी. टाकेद का काढलं, दुसरं मंडळ का नाही, याचं उत्तर कागदावर कुठे सापडत नाही.

माझी एकच मागणी: हद्दीच्या प्रत्येक बदलाला दोन ओळींचं लेखी कारण आणि फेटाळलेल्या हरकतीला एक ओळ. हे झालं तर बाकी अर्धी सुधारणा आपोआप होते.

पेठ_फाटा:
रस्त्याचं थोडं. पेठची मुख्य वाट नाशिककडे आहे. पेठहून नांदगाव गाठायचं तर दिंडोरी लोकसभेतून बाहेर पडून नाशिक शहरातून जायचं आणि पुन्हा आत यायचं. सुरगाण्याचं तसं नाही. बोरगाव, वणी, पिंपळगाव, चांदवड, मनमाड असं मतदारसंघाच्या आतूनच जाता येतं, पण घाट ओलांडून महामार्गाला लागेपर्यंतच निम्मा जीव जातो. नकाशावर सलग आणि रस्त्याने सलग, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. जम्मू-काश्मीरमध्ये २०२२ ला अनंतनाग आणि राजौरी एका लोकसभेत घातले. मध्ये पीर पंजाल, आणि जोडणारा मुघल रोड हिवाळ्यात बर्फाने बंद. नकाशावर हद्दी लागून आहेत, म्हणून नियमात बसलं.

नियम असा हवा: मतदारसंघातल्या प्रत्येक विधानसभेच्या मुख्य गावाहून बाकी पाचांच्या मुख्य गावांपर्यंत बारमाही रस्त्याने, मतदारसंघाच्या आतूनच पोचता आलं पाहिजे. किलोमीटर नको, एसटीचा वेळ धरा. आणि तोही पावसाळ्यातला.

सिडकोवासी:
विषयांतर होतंय पण विचारतो. महापालिकेची प्रभागरचना हेच लोक करतात का? हरकती-सूचना तिथेही असतात.

मंडळ_सजा:
नाही. प्रभागरचनेवर अंतिम शब्द राज्य निवडणूक आयोगाचा, आणि कायदाही वेगळा. तिथे रचना उत्तरेकडून सुरू करून ईशान्य, पूर्व असं फिरत दक्षिणेला संपवतात आणि प्रगणक गट (जनगणनेसाठी पाडलेले लहान भाग) फोडत नाहीत. मतदारसंघांचे क्रमांक मात्र राज्याच्या वायव्य कोपऱ्यातून सुरू होतात, म्हणून अक्कलकुवा १ आणि आपले ११३ ते १२७. दोन्हींत लोक गल्लत करतात आणि एकाकडची हरकत दुसऱ्याकडे देऊन बसतात.

मोसमकाठ:
राज्य निवडणूक आयुक्त २००२ च्या आयोगावरही होते, म्हणून गोंधळ होतो. आयोग तिघांचा: सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश (आजी किंवा निवृत्त), एक निवडणूक आयुक्त, आणि त्या-त्या राज्याचे राज्य निवडणूक आयुक्त. २००२ ला अध्यक्ष न्या. कुलदीप सिंग होते. शिवाय प्रत्येक मोठ्या राज्यातून ५ खासदार आणि ५ आमदार सहयोगी सदस्य. त्यांना मत नाही, पण मसुदा त्यांच्यासमोर जनतेच्या आधी जातो. ज्यांच्या घरावरून रेघ जाणार तेच रेघ आधी बघतात, हे मला पटत नाही.

चांदवडी:
इथे असहमत. आमदाराला गावोगावचं माहीत असतं. दिल्लीच्या टेबलावर 'लासलगाव' हा नुसता एक कोड आहे. त्यांचं ऐकावं, पण त्यांची भिन्न मतं मसुद्याबरोबर राजपत्रात छापतात, तशी त्यांची शिफारसही नावानिशी छापावी. कोणी कुठलं मंडळ मागितलं ते लोकांना कळू दे.

मोसमकाठ:
नावानिशी छापणार असतील तर माझी हरकत नाही.

वालदेवी:
बाहेर कसं चालतं? ब्रिटनचं ऐकून आहे.

कायदेपंडिता:
तिथे २०२० च्या कायद्याने ६५० मतदारसंघ कायम ठेवले, आणि मर्यादा थेट कायद्यातच आहे: सरासरीच्या ५ टक्के वर-खाली. मागच्या आखणीत सरासरी ७३,३९३ मतदार होती, म्हणून पट्टा ६९,७२४ ते ७७,०६२. ५ मतदारसंघ यातून वगळलेले, सगळी बेटं. क्षेत्रफळालाही छप्पर आहे, १३,००० चौरस किलोमीटर. दर ८ वर्षांनी आखणी. मसुद्यावर आधी लेखी हरकती, मग त्या सगळ्या हरकती प्रसिद्ध करून त्यांच्यावर पुन्हा हरकती आणि जाहीर सुनावण्या. म्हणजे टाकेदने काही मागितलं तर सिन्नरला त्याचं उत्तर द्यायची संधी मिळते. हे आपल्याकडे यावं.

मात्र ५ टक्के आंधळेपणाने आणू नयेत. मर्यादा जितकी घट्ट तितके तालुके जास्त फुटतात. आणखी एक फरक: ते मतदार मोजतात, आपण लोकसंख्या. जिथे लहान मुलांचं प्रमाण जास्त तिथे तेवढ्याच लोकसंख्येत मतदार कमी निघतात. लोकसंख्या मोजणंच मला योग्य वाटतं, कारण खासदार मुलांचाही असतो.

आकडेमोड:
१० टक्के ठेवा, पण कायद्यात लिहा, आणि डोंगरी तालुक्यांना वेगळा पट्टा द्या. २०२३ ला आसाममध्ये निवडणूक आयोगाने जिल्ह्यांचे घनतेनुसार अ, ब, क असे गट करून सरासरी बदलली होती. कल्पना चांगली, गट कोणत्या आकड्यावर पाडायचे ते मात्र आधीच कायद्यात हवं.

पुढच्या वेळचं चित्र किती हलेल तेही बघा. ८४ व्या घटनादुरुस्तीने २०२६ नंतरची पहिली जनगणना धरायची, आणि येत्या जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे, पण नुसत्या २०११ च्या जनगणनेवर २८८ कायम धरून भागाकार केला तरी नाशिक ६१,०७,१८७ भागिले ३,९०,१८९ म्हणजे १५.६५, जागा १६. पुणे २१ वरून २४. ठाणे-पालघर मिळून २४ वरून २८. मुंबई शहर १० वरून ८. सिंधुदुर्ग ३ वरून २, रत्नागिरी ५ वरून ४. नाशिक १६ झालं की सहाचे गठ्ठे पुन्हा मोडतात. १२ नंतर ४ उरतात, आणि ते कुणीतरी ओढून नेणार.

घाटमाथा:
म्हणून आधीच पर्याय मांडून ठेवतो. सध्याच्या १५ वर: दिंडोरीत इगतपुरी, दिंडोरी, कळवण, बागलाण, चांदवड, येवला. नाशिकमध्ये शहराच्या तीन, देवळाली, सिन्नर, निफाड. धुळ्याला मालेगावच्या दोन आणि नांदगाव. राखीव लोकसभेत चार राखीव विधानसभा येतात, धुळ्याची संख्या तीच राहते.

पेठ_फाटा:
माझ्याच नियमात तुमचा पर्याय अडतो, घाटमाथा. इगतपुरीहून बागलाणच्या मुख्य गावाला, सटाण्याला, जायचं तर महामार्ग नाशिक शहरातूनच जातो, आणि शहर दुसऱ्या लोकसभेत. आकारही विळ्यासारखा होतो, शहराला वळसा घालून येवल्यापर्यंत.

घाटमाथा:
खरंय. पण निकषांना क्रम असता तर हा वाद सुटला असता. राखीव पट्टा अखंड ठेवणं वर आणि रस्ता खाली, किंवा उलटं. मी पहिलं वर ठेवेन. दिंडोरी-कळवणच्या खासदारापुढे आज वनहक्काचे दावे आणि कांद्याच्या निर्यातीचे प्रश्न एकाच दिवशी येतात, आणि सहापैकी चार विधानसभांत कांद्याचे मतदार आहेत.

वणीची_वाट:
कांदा चांदवड-येवल्यातही आहेच की. तुमच्या पर्यायातही तो सुटत नाही. पण चाराच्या जागी दोन, हा फरक मानते.

गोदाकाठ:
मूळ प्रश्नावर येतो. जमा झालेलं असं दिसतं: निकषांना क्रम, १० टक्के कायद्यात, आतून बारमाही रस्ता, राखीव पट्टा फोडायचा तर कारण, हद्दीच्या बदलाला लेखी कारण, हरकतींवर दुसरी फेरी. मंडळ_सजा, हरकत कशी लिहिली तर टिकते? एवढं सांगा.

मंडळ_सजा:
'आमच्यावर अन्याय झाला' लिहिलेली हरकत सुनावणीत दोन मिनिटंही टिकत नाही. अदलाबदल लिहा. टाकेद इगतपुरीला परत हवं असेल तर: मंडळातल्या प्रत्येक गावाचं नाव आणि जनगणनेचा कोड, गावाची लोकसंख्या, बेरीज. ती सिन्नरमधून वजा करून सिन्नर १० टक्क्यांत राहतं का, इगतपुरीत मिळवून इगतपुरी राहतं का. सिन्नर खाली घसरत असेल तर त्याच्या बदल्यात शेजारचं कुठलं मंडळ द्यायचं आणि त्याने तिसरा मतदारसंघ बिघडत नाही ना. इगतपुरी राखीव आहे, म्हणून जमातीच्या लोकसंख्येचा रकाना वेगळा लावा. गावनकाशा जोडा. आणि मंडळं जनगणनेसाठी गोठवलेल्या हद्दींवर तपासा. नंतर नवं मंडळ झालं असेल तर आदेशात जुनंच नाव चालतं. जुन्या-नव्याची सरमिसळ केली की बेरीज चुकते आणि पूर्ण हरकत बाद होते.

सिन्नरी_वारा:
टाकेद मंडळाची गावनिहाय यादी २०११ च्या कोडसह तक्त्यात घालायला घेतो. जमातीचा रकानाही ठेवतो. निफाड-लासलगावचं कोणी घेतंय का?

चांदवडी:
लासलगाव माझ्याकडे. देवळाही घेतो.